अकराशे सेहेचाळीस सुटी नामं

या, असे पुढे सरकून बसा. खांबामागे नको, तिथे पंख्याच्या घरघरीत निम्मे शब्द जातात. चपला बाहेर नीट ठेवल्यात ना? मग मन इकडे द्या. आज एका मुलीची आणि एका विद्यापीठाच्या संकेतस्थळाची कथा सांगतो. पुराणातली नाही, आपल्या घोडपदेवचीच, गेल्या अधिक महिन्यात घडलेली. हसू आलं तर मोकळेपणी हसा, देवाला त्याचं वावडं नाही. फक्त मधेच उठू नका.

आमच्या कृष्णाबाई चाळीच्या तळमजल्यावर विठ्ठलाचं मंदिर आहे आणि त्याला लागून एक लांबट सभागृह. मी जयवंत, दुसऱ्या मजल्यावरचा. गिरगावात एका छापखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त. नाद एकच, कीर्तन ऐकायचा. अधिक महिन्यात रोज संध्याकाळी साडेसहाला आमच्याकडे कीर्तन असतं. बुवा दादरहून येतात, यशोधनबुवा, तिशीच्या आतले. पण गळा असा लागतो की पुढच्या रांगेतल्या बायकांच्या हातातल्या वाती वळायच्या राहतात.

तिसऱ्या मजल्यावर सीमा राहते. तिची मुलगी पूर्वी. सिंधुसागर विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. एका रविवारी सकाळी ती मला जिन्यात भेटली, हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा.

"काका, मला माणसं हवीत."

"किती?"

"तीस. पालक किंवा पालकांच्या वयाची. आणि सोमवारच्या आत. उद्याच्या नाही, पुढच्या."

खाली पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं. तिच्या प्रबंधाचा विषय होता, विद्यापीठाच्या संकेतस्थळाबाबत वापरकर्त्यांचं समाधान. विद्यार्थ्यांची माहिती जमली होती. पालकांची जमत नव्हती. लिंक पाठवली तर साठांतल्या सात जणांनी उघडली, आणि त्यातल्या एकाने उत्तराच्या जागी स्वतःच्या पुतण्याची लग्नपत्रिका चिकटवून दिली. प्रबंध पुढच्या सोमवारी पाचच्या आत विद्यापीठात पोचायला हवा होता. पोचला तर परळच्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपालाची जागा तिच्यासाठी राखलेली, एक जुलैला हजर व्हायचं. नाही पोचला तर वर्ष गेलं आणि जागाही गेली.

"पण मोजायचं काय ते सांग."

"समाधान, काका. साईट वापरून माणूस किती समाधानी झाला ते. एक ते पाच. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. चाळीस वर्षं मी कीर्तनं ऐकतोय, माणूस समाधानी कशाने होतो हे अजून एकाही बुवाला नेमकं सांगता आलेलं नाही. ही पोरगी एक ते पाचात आटपत होती.

"तीसच ना? रोज सत्तर माणसं येतात कीर्तनाला. चार वाजल्यापासून येऊन जागा धरून बसतात आणि एकमेकांची दुखणी ऐकतात. त्यांना लाव कामाला," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं. बरं वाटलं की माझ्या हातून चूक होते, हा माझा जुना अनुभव.

सोमवारी चार वाजता पूर्वीने चौरंगावर लॅपटॉप मांडला. बायकांनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग मी उभा राहिलो आणि माइक नसतानाही माइक असल्यासारखा बोललो, "मंडळी, ही आपली पूर्वी. तिची परीक्षा आहे. तुम्ही जे आकडे द्याल त्यांच्यावर तिचं पुढचं सगळं अवलंबून आहे. तेव्हा जरा सांभाळून घ्या."

झालं. हेच ते वाक्य. त्या क्षणी मला त्यात काहीच गैर दिसलं नाही.

रीत अशी होती. एकेकाने लॅपटॉपसमोर बसायचं आणि तीन कामं करायची. पहिलं, परीक्षेचं वेळापत्रक शोधा. दुसरं, हरवलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मागायचा अर्ज शोधा. तिसरं, तक्रार कुठे करायची ते शोधा. मग कागदावरच्या चोवीस प्रश्नांना एक ते पाचपैकी आकडा द्यायचा. पूर्वीने बोलून मदत करायची नाही, नुसतं शेजारी बसायचं.

पहिला मान सीतारामआबांचा. वय चौऱ्याहत्तर, मूळचे मालवणचे, नातू त्याच विद्यापीठात. आबांनी चष्मा पुसला आणि उंदराला हात घालावा तसा माऊसला हात घातला. पडद्यावर एका ओळीपुढे 'नवीन' हा शब्द लुकलुकत होता.

"पूर्वी, ह्या लुकलुकता ता नवीन मां?"

"मी काही सांगायचं नाही, आबा."

"बरा." त्यांनी टिचकी मारली. "ह्या तर पाण्याची टाकी धुवची सूचना. सतरा सालची! रामा रे रामा. नऊ वर्षां झाली, अजून नवीन?"

मग त्यांनी 'मराठी' असं लिहिलेलं बटण दाबलं, तर होतं नव्हतं ते सगळं पान इंग्रजी झालं. "विठ्ठला!" परत दाबलं, तर कुलगुरूंच्या प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा आल्या. महिना जूनचा. "पांडुरंगा, पांडुरंगा!"

अर्जाचं परिपत्रक तर कुणीतरी आडवं छापून ठेवलं होतं. ते वाचायला आबांनी मान डावीकडे कलती केली. त्यांना काय सापडतंय म्हणून मागे जमलेल्या माणसांनीही कलती केली. यशोधनबुवा नेमके त्या वेळी आत आले आणि सगळं सभागृह एका बाजूला झुकलेलं बघून दारातच थबकले. मला म्हणाले, "काका, आज भाव लवकर लागला का मंडळींचा?"

मीराबाईंची गंमत वेगळीच. महापालिकेच्या शाळेत जन्मभर मुलांच्या चुका काढलेली बाई. तिला पडद्यावर दिसलं, आपलं सत्र संपले आहे, पुन्हा प्रवेश करा.

"पुन्हा? अहो, मी पहिल्यांदाच कुठे आत गेले? देवा नारायणा, हे दारातूनच हाकलतायत आणि वर म्हणतात पुन्हा या!"

चार संध्याकाळी हे चाललं. तीसच्या तीस माणसं झाली. एकाला तक्रारीची जागा सापडली, तीही दाबल्यावर पान उघडेना. पण कुणी वैतागून उठलं नाही, कागद सगळ्यांनी नीट भरले, बोटांना शाई लागली तरी भरले. मी पूर्वीला म्हणालो, "बघ, कशी माणसं आहेत आपली." ती हसली. गुरुवारी शेवटचा कागद तिने गठ्ठ्यात घातला तेव्हा मला वाटलं, चला, एक पुण्यकर्म पार पडलं.

शुक्रवारी दुपारी ती तो गठ्ठा घेऊन तिच्या मार्गदर्शक रुपाली मॅडमकडे गेली आणि संध्याकाळी परत आली ती सरळ माझ्या दारात. डोळे लाल.

"काका, तुम्ही काय सांगितलं होतंत लोकांना?"

"का गं? काय झालं?"

"सातशे वीस वेळा पाच, काका! तीस माणसं, चोवीस प्रश्न, सगळीकडे पाच. एकानेही चार दिलेला नाही. आबांनी तर दोन ठिकाणी सहा लिहून परत खोडून पाच केलाय."

तिने कागद माझ्यापुढे टाकले. मी वाचायला लागलो. शेवटी सूचना लिहायला जागा होती. 'साईट उत्तम. मुलगी फार गुणी.' 'कुलगुरूंचा चेहरा प्रसन्न वाटला. पूर्वी लहानपणापासून हुशार.' 'अक्षर बारीक आहे पण त्यात मुलीचा दोष नाही.' मीराबाईंनी तर शेरा मारला होता, 'पूर्वीस पुढील वाटचालीस आशीर्वाद.'

आता हे तुम्हाला कळेल, बाहेरच्याला नाही कळायचं. आमच्या चाळीत कुणी कागद घेऊन कुणाबद्दल विचारायला आलं की उत्तर एकच असतं. स्थळाची चौकशी येवो, पासपोर्टसाठी पोलीस येवो, बँकेचा माणूस येवो. मुलगी गुणी, घर चांगलं, आमची काही तक्रार नाही. पोटात काय आहे ते नंतर गॅलरीत. आणि मी तर उघड सांगितलं होतं की परीक्षा पूर्वीची आहे. लोकांनी मार्क पूर्वीला दिले. विद्यापीठाला कोण विचारतो?

"मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सगळे आकडे सारखे असले की मोजण्यासारखं काही उरतच नाही. मग कागद बाजूला ठेवले आणि मला म्हणाल्या, हे तू घरी बसून स्वतः भरलंयस ना?"

वर्ष जाणं वेगळं, खोटेपणाचा ठपका घेऊन जाणं वेगळं. आणि ठपका आला होता माझ्या एका वाक्यामुळे.

मी तिला घेऊन खाली सभागृहात गेलो. कीर्तनाला तासभर होता. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालो, "मंडळी, माझं चुकलं. आकडे मुलीला नव्हते द्यायचे, साईटला द्यायचे होते. आता खरंखरं सांगा. जिथे त्रास झाला तिथे एक द्या, दोन द्या."

सीतारामआबा उठून उभे राहिले. "म्हणजे पोरीच्या कागदार एक लिहूचो?"

"हो आबा."

"मी पोरीचे मार्क कमी करूचंय नाय. जयवंता, तुका लाज नाय वाटत? लग्नाची पोर ती."

"पण आबा, तुम्हाला त्रास झाला ना?"

"काय्येक त्रास झालो नाय. फस्क्लास साईट."

"आबा, तुम्ही वीस मिनिटं मान वाकडी करून बसला होतात!"

"ता मानेचा माझा जुनाच असा."

बाकीच्यांनी आबांची री ओढली. पूर्वी भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने गुडघ्यात तोंड घातलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "जयवंता, जरा हळू बोल. माझी बेरीज चुकते."

ह्या पुतळाबाई. माहेर मच्छीमार नगरचं, सासर इथलं. चाळीस वर्षं भायखळ्याच्या बाजारात मासळी विकली, आता सगळा वेळ मंदिरात. आमच्या मंडळाची जपवही त्या सांभाळतात. अधिक महिन्यात मंडळाचा तेहतीस लाख नामाचा संकल्प होता. घरी माळ ओढून झाली की प्रत्येकाने येऊन आकडा सांगायचा, तो माळेच्या रकान्यात. आणि शेजारी दुसरा रकाना, सुट्या नामाचा. म्हणजे माळ हातात नसताना सभागृहात बसल्याबसल्या, उठताना, गुडघा दुखला म्हणून, जांभई आली म्हणून जे नाम तोंडातून जाईल ते. नाम रागाने घेतलं काय आणि कळवळून घेतलं काय, देवाच्या दारात ते नामच, असं बुवांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुतळाबाईंनी ते शब्दशः मनावर घेतलं. बाजारात गिऱ्हाइकाशी भांडता भांडता बांगडे मोजलेल्या बाईला हे कठीण नव्हतं. कुणी "अरे देवा" म्हणालं की त्यांची पेन्सिल त्या माणसाच्या नावापुढे एक रेघ ओढायची. तोंडाने दुसऱ्याच बाईशी सुनेबद्दल बोलणं चालू असायचं.

"कसली बेरीज, पुतळाबाई?"

"सुट्याची रे. रोज सगळ्यांचं मिळून पन्नास व्हायचं. एकादशीला ऐंशी. आता ह्या सोमवारपासून बेस्तरवारपर्यंत बघ, अकराशे सेहेचाळीस! तीनदा केली, तेवढीच येते. बुवांचं कीर्तन रंगलं म्हणावं तर हे सगळं चार ते सहातलं हाय. बुवा तर उभेपण राहिले नव्हते."

मी वही हातात घेतली. सीताराम, सत्त्याण्णव. मीराबाई, त्रेसष्ट. रेघाच रेघा. आणि प्रत्येकाच्या रेघांचे तीन गट पाडलेले, मधे उभी दांडी.

"ह्या दांड्या कसल्या?"

"पोरगी म्हणायची ना, आता दुसरं काम, आता तिसरं. कीर्तनात पूर्वरंग संपून कथा लागली की मी दांडी मारते, तशीच मारली. सवय."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. पण माझ्याआधी पूर्वी उठली होती. तिने वही जवळजवळ ओढूनच घेतली आणि बोट फिरवत बडबडायला लागली. "पहिल्या कामाला दोनशे चौदा. दुसऱ्याला... थांबा... सहाशे एकतीस! तिसऱ्याला तीनशे एक. काका, आडव्या परिपत्रकाला सहाशे एकतीस! आजी, हे सगळं तुम्ही तेव्हाच लिहिलंत? त्याच वेळी?"

"मग काय घरी जाऊन आठवून लिहू?"

"काका, लोक काय बोलले ते कागदावर आहे. लोकांना काय झालं ते ह्या वहीत आहे!" ती हसत होती आणि नाक पुसत होती. "आजी, ही वही मला उद्या द्या. मॅडमना दाखवते."

पुतळाबाईंनी वही परत घेऊन पदराखाली घातली. "संकल्प पुरा होईतो वही उंबऱ्याबाहेर जात नाय."

"एक दिवस, आजी."

"एक मिनिट पण नाय. फोटो काढ पायजे तर."

"फोटोवर त्या विश्वास ठेवणार नाहीत. म्हणतील, रेघा कुणीही मारील."

"मग त्यांना इथे आण," पुतळाबाई म्हणाल्या. "देव काय फक्त आपलाच हाय?"

शनिवारी रुपाली मॅडम आल्या. आल्या म्हणजे मी जाऊन आणल्या. दादरला त्यांच्या दारात अर्धा तास उभा राहून माझ्या त्या वाक्याची कबुली दिली, तेव्हा कुठे त्या निघाल्या. पन्नाशीच्या, करारी, कपाळावर एक आठी कायमची. सभागृहात त्यांनी वही चाळली, एकदा, दोनदा.

"पुतळाबाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे मोजायला?"

"कुणी कशाला सांगेल? अधिक महिना हाय."

"पण साईटच्या त्रासानेच लोकांनी नाव घेतलं हे कशावरून? तुम्ही भाविक माणसं. एरवीही घेत असाल."

पूर्वीने वहीची मागची पानं दाखवली. एरवीचे पन्नास, चाळीस, पंचावन्न. मॅडमच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली, पण गेली नाही. "तरीसुद्धा. त्रास झाला की माणूस इतक्यांदा देवाचं नाव घेईल, हे मला पटत नाही. आमच्या साईटमध्ये त्रुटी असतील, पण इतक्या..."

"बाई, तुम्ही बसा ना," पुतळाबाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक काढायला लागल्या.

"मी?"

"दुसरं काम. अर्ज शोधा."

मॅडम हसल्या. स्वतःच्या विद्यापीठाची साईट, वीस वर्षांची नोकरी. पदर सावरून बसल्या. परीक्षा विभाग दाबला. फिरत राहिलं. परत दाबला. तीन बसगाड्यांची चित्रं आली, आपण यंत्र नाही हे सिद्ध करा म्हणून. मॅडमनी सिद्ध केलं. साईटला ते पटलं नाही. मग सिग्नलची चित्रं आली.

"अरे देवा," मॅडम पुटपुटल्या. पेन्सिल हलली.

परिपत्रक उघडलं. आडवं. मॅडमची मान डावीकडे गेली. मागे आमच्या सगळ्यांच्या गेल्या. खाली अर्जाचा दुवा होता. त्यावर दाबलं, तर सत्र संपलं.

"ओ गॉड! अरे, आत्ता तर... ओ गॉड, परत पहिल्यापासून?"

पुतळाबाई पेन्सिल हवेत धरून माझ्याकडे बघायला लागल्या. "जयवंता, हे धरायचं?"

मी यशोधनबुवांकडे बघितलं. ते तंबोरा जुळवत होते. त्यांनी मान डोलावली. "धरा, धरा. त्याला सगळ्या भाषा कळतात."

रेघ ओढली गेली. सतरा मिनिटांनी मॅडम उठल्या तेव्हा त्यांच्या नावापुढे एकोणीस रेघा होत्या आणि अर्ज सापडला नव्हता. घाम पुसत त्यांनी वही हातात घेतली, आपल्या रेघा मोजल्या आणि मग पूर्वीकडे वळल्या.

"मी तुझ्यावर संशय घेतला. चुकलं माझं." मग लगेच करारी आवाजात, "हा स्वतंत्र भाग कर. एका बाजूला लोकांनी दिलेले आकडे, दुसऱ्या बाजूला ह्या रेघा. मोजणाऱ्या बाईंचं नाव घाल. वहीचे फोटो जोड. उद्या रात्रीपर्यंत मला पाठव, मी सही करते."

सीतारामआबा मागून बोलले, "मॅडम, पोरीचे मार्क कमी नाय मां होवचे?"

"नाही हो आबा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सत्त्याण्णव वेळा तिला वाचवलंयत."

रविवारभर पूर्वी लिहीत बसली, सीमा तिला चहा देत बसली आणि मी जिन्यात बसलो, कुणी तिला हाक मारू नये म्हणून. रविवारीच सही झाली. सोमवारी फक्त प्रबंध विद्यापीठाच्या खात्यात चढवायचा उरला होता. पाचच्या आत. आणि चढवायचा कुठून? त्याच साईटवरून.

आलं ना लक्षात?

पूर्वी दुपारी एकला बसली. फाईल मोठी आहे. फोटो जोडलेले ना वहीचे! लहान केली. सत्र संपलं. पुन्हा. फिरत राहिलं. अडीच, तीन, साडेतीन. ती लॅपटॉप घेऊन खाली आली, कारण मंदिराच्या खिडकीत नेट बरं येतं. मंडळी जमलेलीच होती, अधिकाचा शेवटचा दिवस. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. प्रत्येक वेळी ते चक्र फिरायला लागलं की सत्तर तोंडांतून एकदम "पांडुरंगा" निघायचं. पुतळाबाईंना रेघा मारायला पान पुरेना.

चार वाजून दहा मिनिटं झाली. मॅडमना फोन लावला, त्या परीक्षेच्या खोलीत, फोन बंद. साईटच्या अगदी तळाला बारीक अक्षरात एक नंबर होता. छापखान्यात खिळे जुळवलेले डोळे माझे, मी तो वाचला आणि लावला. फार वेळ वाजला.

"हॅलो, संकेतस्थळ कक्ष."

"कोण बोलतंय?"

"हितेंद्र. बोला ना, काका." तिशी-पस्तिशीचा आवाज, आणि असा दचकलेला की बऱ्याच दिवसांत त्या फोनवर कुणी बोललेलं नसावं.

"साहेबांना द्या जरा."

"साहेब नाहीत. कक्ष म्हणजे मीच आहे. जिन्याखाली बसतो, कंत्राटावर."

मी सगळं सांगितलं. सोमवार, पाच, परळची जागा, सगळं. तो म्हणाला, "फाईल चढवायची ती खिडकी बाहेरच्या कंपनीने केलीय, ती माझ्या हातात नाही. पण प्रबंध माझ्या मेलवर पाठवा. मी आतून विभागाच्या खात्यात चढवतो आणि पोच देतो. चालतं तसं, नियम आहे. फक्त कुणाला माहीत नाही, कारण नियम ज्या पानावर आहे ते उघडत नाही."

पूर्वीने पाठवला. चार चौतीस. फोन चालूच होता. पलीकडून कळांची टकटक ऐकू येत होती. मग टकटक थांबली.

"काका..."

"काय झालं? नाही चढत?"

"चढतोय. चाळीस टक्के झालाय. मी जरा उघडून बघितला. हे दुसऱ्या कामाला सहाशे एकतीस... हे काय मोजलंय?"

मी सांगितलं. नाम कसं, रेघ कशी, संकल्प कसला. सभागृहात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ते आडवं परिपत्रक मीच स्कॅन केलंय, काका," तो म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी. यंत्राची काच फुटली होती, कागद उभा बसत नव्हता. म्हटलं, कुणी बोललं की सरळ करू. कुणी बोललंच नाही."

"अरे, बोलणार कुठे? तुमची ती तक्रारीची जागा उघडत नाही!"

"ती ज्यांच्या मेलवर जायची ते साहेब निवृत्त झाले. मला वाटायचं, लोक खूश आहेत. दर वर्षी फॉर्म येतात ना भरून. सगळीकडे चार नाहीतर पाच असतात."

मी आमच्या मंडळींकडे बघितलं. सीतारामआबांनी छताच्या पंख्याकडे बघितलं.

चार बावन्नला पूर्वीच्या फोनवर पोच आली. क्रमांक, तारीख, वेळ. तिने ती मोठ्याने वाचली आणि सीमाच्या गळ्यात पडली. मग जो गजर झाला तो पार मुख्य रस्त्यापर्यंत गेला असेल. पुतळाबाई तेवढ्या गलक्यातही मला विचारत होत्या, "पोराचं नाव काय म्हणालास? हितेंद्र? जेवला का तो?" मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, डबा आणलाय पण उघडायला वेळ झाला नाही. पुतळाबाई म्हणाल्या, "सांग त्याला, आधी जेव म्हणावं, मग ते सरळ कर."

त्याने उलटं केलं. परिपत्रक त्याच रात्री सरळ झालं. आठवड्याभरात लुकलुकणारी टाकीची सूचना गेली, 'मराठी' दाबलं की मराठी यायला लागलं, तक्रारीची जागा उघडायला लागली आणि ती कुठे जाते तर त्याच्याचकडे. हे बाकीचं कुणी त्याला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. पूर्वीचा प्रबंध पास झाला, तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या गृहस्थांनी पुतळाबाईंचं वय विचारलं. आता ती परळला सहायक ग्रंथपाल आहे. जुलैत एकदा लॅपटॉप घेऊन आली आणि सीतारामआबांना म्हणाली, "आबा, पुन्हा तेच काम. अर्ज शोधा." आबांनी एक टिचकी मारली, दुसरी मारली, अर्ज समोर. सगळे चुपचाप. कुणाच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. पुतळाबाईंची पेन्सिल तशीच हातात. "एकपण नाय?" त्या खट्टू होऊन म्हणाल्या. "पहिली साईट बरी होती गो."

आणि मला तेव्हा त्या जिन्याखालच्या पोराची फार आठवण झाली. आताही त्याचा फोन वाजत नसणार. काम सरळ झालं की कोण कशाला फोन करतो?

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी विजेचं बिल भराल, कधी नातवाचा निकाल बघाल, आणि पान पहिल्याच टिचकीला उघडेल. तेव्हा तुमच्या तोंडून आपोआप काही निघायचं नाही, मला माहीत आहे. तरी क्षणभर थांबा आणि कुठल्यातरी जिन्याखाली डबा न उघडता बसलेल्या हितेंद्रची आठवण काढा.